गोळी कोठे थांबते?

नगरला शाळेची सहल गेली की दोन ठिकाणे ठरलेली असतात. एक भुईकोट किल्ला आणि दुसरे रणगाड्यांचे संग्रहालय. हे संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झाले. निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या युद्धांतले रणगाडे तेथे उघड्यावर ओळीने मांडून ठेवले आहेत. मुले रणगाड्याच्या तोफेची लांबी वितींनी मोजतात, चिलखताची जाडी बघतात, आणि मग त्यांच्या प्रश्नांना सुरुवात होते. गोळा किती लांब जातो? किती वेगाने जातो? अशाच एका सहलीत सातवीतल्या एका मुलीने जरा निराळा प्रश्न विचारला. नेम चुकला तर तो गोळा जातो कोठे?

प्रश्न साधा वाटतो. पण शस्त्रांचा सराव कोठे व कसा करावा, याविषयी जगात जे नियम, जे कायदे आणि ज्या रीतिभाती तयार झाल्या, त्या सगळ्या या एका प्रश्नातून निघालेल्या आहेत. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा जिल्हा तर या इतिहासाशी जवळपास पावणेपाचशे वर्षे जोडलेला आहे. हा इतिहास तीन टप्प्यांत पाहिला म्हणजे सोपा जातो. पहिल्या टप्प्यात धोका होता तो तोफ डागणाऱ्याला. दुसऱ्यात तो लक्ष्याच्या पलीकडे असलेल्या माणसाला झाला. तिसऱ्यात तो नंतर येणाऱ्या माणसाला आहे.

पहिला धोका तोफ डागणाऱ्यालाच

विजापूरच्या तटावरची ‘मुलूख मैदान’ किंवा ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ पुष्कळांनी पाहिलेली असते. ती विजापूरची म्हणून प्रसिद्ध असली तरी ओतली गेली अहमदनगरला. बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत, १५४९ साली, महंमद बिन हुसेन रूमी या कारागिराने ती घडवली. ‘रूमी’ म्हणजे तुर्की मुलखातला. तोफा ओतण्याच्या विद्येत त्या काळी तुर्की कारागिरांचा मोठा लौकिक होता. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची ही तोफ वजनाने सुमारे ५५ टन भरते.

एवढी तोफ डागायची म्हणजे गोलंदाजाच्या जिवावरचेच काम. विजापुरात आजही अशी आख्यायिका सांगतात की, बत्ती लावताच गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या हौदात बुडी मारीत असे, म्हणजे आवाजाने त्याच्या कानठळ्या बसू नयेत. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यामागची भीती खरी आहे. ओतकामात धातूमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, दारू जास्त भरली गेली किंवा नळीत ठिणगी उरली, की तोफ शत्रूऐवजी स्वतःच्याच माणसांवर उलटे. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० साली रॉक्सबरोच्या वेढ्यात आपल्याच एका तोफेजवळ उभा होता. ती फुटली आणि राजा ठार झाला.

साहजिकच सुरक्षिततेचे पहिले नियम शस्त्राविषयीचे होते. नळीत ठिणगी राहू नये म्हणून प्रत्येक बारानंतर ओल्या बोळ्याने नळी पुसायची. दारूचे पिंप बत्तीपासून दूर ठेवायचे. इंग्लंडात लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली आणि बंदुका पारखण्याची पद्धत रूढ झाली. नव्या नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा. नळी टिकली तर तिच्यावर शिक्का मारायचा, न टिकली तर ती मोडीत. १८१३ साली बर्मिंगहॅम येथेही असेच पारखगृह सुरू झाले.

या काळात लक्ष्याच्या पलीकडे काय आहे, याची चिंता फारशी कोणी करीत नसे. त्याला कारणही होते. गुळगुळीत नळीच्या बंदुकीतून निघालेली शिशाची गोल गोळी ऐंशी-शंभर मीटरच्या पुढे नेमाने जातच नसे. सरावाला गावाबाहेरचे एखादे मोकळे रान पुरत होते.

लक्ष्याच्या पलीकडे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे चित्र पालटले. नळीच्या आत मळसूत्रासारखे आटे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे आपला अक्ष टिकवून धरते. हे तत्त्व जुनेच होते. परंतु फ्रान्समध्ये मिनिए याने नळीत सहज सरकणारी आणि बार होताच फुगून आट्यांत घट्ट बसणारी लांबट गोळी तयार केली, आणि ही रायफल साध्या शिपायाच्या हाती आली. १८५३ सालच्या एनफिल्ड रायफलीवर नऊशे यार्डांच्या पुढेपर्यंतच्या खुणा होत्या. त्याच वर्षी इंग्लंडात हाइद येथे बंदूक चालवण्याचे शिक्षण देणारी शाळा निघाली.

त्यानंतर सामान्य नागरिकांसाठीही नेमबाजीची मैदाने सुरू झाली. लंडनजवळ विम्बल्डन येथे १८६० साली पहिली मोठी स्पर्धा भरली. तिचा पहिला बार व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते झाला. तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. रायफल आधी एका लोखंडी बैठकीवर पक्की बसवली होती, ४०० यार्डांवरच्या लक्ष्यावर नेम आधीच धरून ठेवला होता आणि राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. गोळी लक्ष्याच्या मध्याजवळ लागली. शस्त्राची नळी कोणत्या दिशेला आहे हे नक्की असेल, तर चाप कोणी का ओढेना, हा धडा आयोजकांनी पहिल्याच दिवशी गिरवला असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे लंडनची वस्ती विम्बल्डनकडे सरकू लागली आणि रायफलींचा पल्लाही वाढू लागला. १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएय याने धूर न करणारी दारू तयार केली, त्यामुळे गोळीचा वेग आणखी वाढला. अखेर १८९० साली विम्बल्डनचे मैदान सोडून स्पर्धा दूर बिस्ली येथे न्यावी लागली. वाढते शहर आणि वाढता पल्ला एकमेकांना भिडले म्हणजे मैदानालाच हलावे लागते.

आपल्याकडेही या काळाच्या खुणा गावांच्या नावांत राहिल्या आहेत. पुण्याचे गोळीबार मैदान किंवा मुंबईत सांताक्रूझचा गोळीबार रोड ही नावे आपण रोज घेतो. गुवाहाटीतील एका वस्तीचे नाव चांदमारी असे आहे. चांद म्हणजे लक्ष्यावरचा गोल, आणि त्यावर नेम मारण्याची जागा ती चांदमारी. एके काळी गावाबाहेर असलेल्या अशा जागा आज भर वस्तीत आल्या आहेत. आपल्या गावात असे एखादे नाव आहे का, हे विद्यार्थ्यांना जरूर शोधायला सांगावे.

थोडे गणित

गोळी किती लांब जाते, याचा अंदाज अकरावीच्या भौतिकशास्त्रातून करता येतो. हवेचा विरोध नाही असे मानले, तर ४५ अंशांत सोडलेल्या वस्तूचा पल्ला वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाने भागून मिळतो. एन.सी.सी.च्या सरावात वापरतात त्या .२२ रायफलीच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर धरू. ३३० चा वर्ग १,०८,९००. त्याला ९.८ ने भागले तर उत्तर येते सुमारे ११,१०० मीटर, म्हणजे अकरा किलोमीटर! प्रत्यक्षात ती गोळी जास्तीत जास्त दीड किलोमीटरच्या आसपास जाते. बाकीचा सारा पल्ला हवा खाऊन टाकते. हवेचा विरोध शिकवताना याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

परंतु दीड किलोमीटर हेही थोडे नाही. सरावाचे लक्ष्य असते २५ मीटरवर. म्हणजे लक्ष्यापर्यंतच्या अंतराच्या साठपट अंतर ती गोळी जाऊ शकते. या गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम. नळीतून बाहेर पडताना तिची गतिज ऊर्जा १४० जूलच्या आसपास असते. एक किलो वजनाचे पुस्तक चौथ्या-पाचव्या मजल्यावरून खाली टाकले तर जमिनीवर आदळताना त्यात साधारण इतकीच ऊर्जा असते. फरक एवढाच की पुस्तकाची ऊर्जा पानभर जागेत वाटली जाते, गोळीची ऊर्जा बोटाच्या टोकापेक्षाही लहान जागेत एकवटते.

आणखी एक हिशेब करू. एक मीटर लांबीची रायफल खांद्याला आहे आणि नळीचे टोक फक्त नऊ सेंटीमीटर वर उचलले गेले. कोन झाला पाच अंशांचा. २५ मीटरवर गोळी किती वर जाईल? दोन मीटरहून अधिक. लक्ष्याच्या मागचा मातीचा बांध बुटका असेल तर ती त्यावरून निघून जाईल. म्हणून बांध उंच हवा आणि त्याची माती भुसभुशीत हवी. खडकाळ जमिनीवर किंवा पाण्यावर गोळी तिरकी आदळली तर ती तेथे थांबत नाही. नदीच्या पाण्यावर मुले चपटा दगड फेकून टप्पे काढतात, तशीच ती उसळून भलतीकडे जाते.

म्हणूनच गोळीबाराच्या मैदानाचा नकाशा लक्ष्यापाशी संपत नाही. डागण्याच्या जागेपासून पुढे पंख्यासारखा पसरत जाणारा भाग धोक्याचा मानतात. त्याची लांबी ठरते ती गोळीच्या कमाल पल्ल्यावरून, आणि रुंदी ठरते ती चुकलेल्या व उसळलेल्या गोळ्यांवरून. थोडक्यात, मैदान आखताना नेम लागणार हे गृहीत धरीत नाहीत. नेम चुकणार हेच गृहीत धरतात.

मैदानावरची रीत

याच विचारातून चांदमारीवरची शिस्त आली. गोळीबार चालू असेपर्यंत लाल बावटा फडकत राहतो. सगळ्यांनी एकाच रेषेवरून बार काढायचा. त्या रेषेच्या पुढे एकही माणूस असेल तर कोणीही आपल्या शस्त्राला हात लावायचा नाही, मग ते रिकामे का असेना. हुकमाशिवाय काडतूस भरायचे नाही. सराव संपला की ‘खाली कर’ आणि मग ‘जांच शस्त्र’, म्हणजे नळी रिकामी आहे हे दुसऱ्याने डोळ्यांनी पाहायचे. आपण स्वतः खात्री दिली, एवढे पुरत नाही.

चार गोष्टी जगभरच्या मैदानांवर सारख्याच शिकवतात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. नळी नेहमी सुरक्षित दिशेला असावी. नेम धरीपर्यंत बोट चापावर ठेवू नये. आणि लक्ष्य कोणते व त्याच्या पलीकडे काय आहे, हे जाणल्याशिवाय बार काढू नये. एक नियम मोडला तरी बाकीचे तीन अपघात टाळतील, अशी ही रचना आहे.

आम्ही एन.सी.सी.त होतो तेव्हाची गोष्ट. रायफल अडकली म्हणून आमच्यातला एक जण काही विचारण्यासाठी रायफल हातात धरूनच मागे वळला. हवालदारांनी त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलेच नाही. त्यांनी आधी नळी पकडून पुन्हा बांधाकडे वळवली, मग रायफल खाली ठेवायला लावली आणि त्यानंतरच काय झाले ते विचारले. रायफल रिकामी निघाली. तरीही त्या दिवशी त्याला पुन्हा बार काढायला मिळाला नाही. तेव्हा ही शिक्षा आम्हांला फार कडक वाटली होती. ती रायफल रिकामी आहे हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नव्हते, हे आमच्या ध्यानात पुष्कळ उशिरा आले.

आज महाराष्ट्रात नेमबाजी हा मुलामुलींचा आवडता खेळ झाला आहे. २०१० साली कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्यूनिक येथे जगज्जेत्या झाल्या, २०२४ साली राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. गावोगावी दहा मीटरच्या एअर रायफलीचे वर्ग निघत आहेत. अशा वर्गात पाल्याला घालताना पालकांनी गुणांचा तक्ता जरूर पाहावा, पण त्याआधी तेथली रीत पाहावी. विचारल्याशिवाय कोणी दुसऱ्याच्या शस्त्राला हात लावतो का? नेम धरलेल्याशी कोणी बोलते का? लक्ष्यांकडे जाण्याआधी नळीत सुरक्षा-दोरी घालून सर्व जण मागे सरतात का? छर्रे शिशाचे असल्यामुळे सरावानंतर मुलांना हात धुवायला लावतात का? आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणीही ‘थांबा’ म्हटले तर सारे थांबतात का? चांदमारीवर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार नवख्या पोरालाही असतो. त्यापुढे हुद्दा चालत नाही.

दवंडी आणि तोफगोळे

आता पुन्हा नगरकडे वळू. १९४८ साली येथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, म्हणजे रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. रणगाड्याच्या तोफेला मातीचा बांध पुरत नाही, त्याला मैलोगणती माळरान लागते. शहराच्या उत्तरेकडचा के.के. रेंज हा तो माळ. के.के. म्हणजे खारे कर्जुने, तेथल्या गावाचेच नाव. २२ सप्टेंबर २०२० रोजी याच रेंजवर अर्जुन रणगाड्यातून लेसरच्या साहाय्याने लक्ष्य शोधणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणी झाली आणि त्याने तीन किलोमीटरवरचे लक्ष्य भेदले. नेम इतका अचूक झाला तरी लक्ष्यामागचा माळ रिकामाच ठेवावा लागतो, कारण चाचणी म्हणजे चुकण्याची शक्यता मान्य करणेच होय.

असा माळ रिकामा कसा ठेवायचा? त्यासाठी आपल्याकडे लष्करी कवायती, मैदानी गोळीबार आणि तोफखान्याचा सराव यांसंबंधीचा १९३८ सालचा कायदा आहे. त्यानुसार शासन ठरावीक वर्षांसाठी एखादे क्षेत्र सरावाकरिता अधिसूचित करते. प्रत्यक्ष सरावाच्या वेळी धोक्याचा भाग जाहीर होतो, त्यातून माणसे आणि गुरे बाहेर काढता येतात, आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते. गावात दवंडी पिटून, स्थानिक भाषेत नोटीस लावून लोकांना आधी कळवायचे, ही त्यातली रीत. चांदमारीवरचा लाल बावटा जे काम पन्नास माणसांसाठी करतो, तेच काम दवंडी अनेक गावांसाठी करते.

अर्थात, कागदावर सोपे दिसणारे हे काम माणसांना सोपे नसते. नगर, राहुरी आणि पारनेर या तालुक्यांतल्या गावकऱ्यांची शेती, चराई आणि वाटा या माळाला लागून आहेत. जमिनीचे पुढे काय होणार, या चिंतेने तेथे सभा झाल्या, निवेदने गेली, आंदोलने झाली. देशाला सरावासाठी माळ हवा आणि शेतकऱ्याला पोटासाठी तोच माळ हवा. विम्बल्डनचे मैदान बिस्लीला गेले, तसे हलवायला येथे मोकळी जागा उरलेली नाही.

मागे राहिलेला गोळा

तिसरा टप्पा याच माळावर दिसतो. बंदुकीची गोळी थांबली की तिचे काम संपते. तोफगोळ्याचे तसे नाही. त्याच्या पोटात स्फोटक असते आणि टोकाशी किंवा बुडाशी फ्यूज असतो. तोफेतून सुटताना बसणारा जबर झटका आणि नळीतले किंवा हवेतले बदल यांमुळे फ्यूजमधले अडसर एकामागून एक सुटतात. मग गोळा आदळला की तो पेटतो. पण कधी गोळा मऊ जमिनीत तिरका घुसतो, कधी एखादा भाग अडकतो, आणि गोळा फुटत नाही. फौजेच्या भाषेत अशा गोळ्याला ‘ब्लाइंड’ म्हणतात. त्याचे अडसर सुटलेले असतात, फक्त शेवटची क्रिया राहिलेली असते. ती कशाने पुरी होईल, याचा नेम नाही. एखादी लाथ, हातोडीचा घाव, शेकोटीची धग, एवढे पुरते.

काळ गेला म्हणून हा धोका कमी होत नाही. पहिल्या महायुद्धाला शंभरावर वर्षे झाली, तरी फ्रान्स व बेल्जियमच्या शेतात नांगरटीला अजून जिवंत गोळे निघतात. तेथले लोक त्याला लोखंडाचे पीक म्हणतात.

आपल्याकडचे शेत कोरडवाहू आणि पाऊस बेभरवशाचा. माळावर पडलेले तांबे, पितळ, ॲल्युमिनियम भंगाराच्या दुकानात किलोवर विकले जाते. दुष्काळी वर्षात त्या पैशांत घर चालते. म्हणून माणसे गोळे वेचायला जातात, आणि धातू सुटा करण्यासाठी ते फोडायला बसतात. अशा वेळी स्फोट होऊन माणसे दगावल्याच्या बातम्या नगरच्या वाचकांना अपरिचित नाहीत. यातल्या कोणाला मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्या माणसाने आधी दहा गोळे वेचलेले असतात आणि दहाही वेळा काही झालेले नसते. दहा अनुभवांनी दिलेला निष्कर्ष अकराव्याला लागू होईलच असे नाही, हे त्याला कोणी कधी शिकवलेले नसते. ते शिकवणे हे आपले, शिक्षकांचे काम आहे.

रेंजच्या आसपासच्या शाळांत तर हा पाठ दर वर्षी व्हायला हवा. अनोळखी धातूची वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, जवळ जाऊन पाहायचे नाही. जागा दुरूनच लक्षात ठेवायची, आल्या वाटेने परत फिरायचे, आणि घरी, शाळेत किंवा ११२ क्रमांकावर कळवायचे. आणि हा पाठ मुलांनी घरी जाऊन मोठ्यांना सांगायचा.

चांदमारीवरची चारही सूत्रे येथे जशीच्या तशी लागू पडतात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजावे, हे सूत्र रायफलीइतकेच माळावर गंजत पडलेल्या गोळ्यालाही खरे आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेव्हा घाईत दिले होते. चुकलेला गोळा मागच्या मोकळ्या माळावर पडतो, असे आम्ही सांगितले. उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते. माळ मोकळा असतो तो कोणीतरी आधी दवंडी दिलेली असते म्हणून, आणि कोणीतरी आपले शेत सोडून बाहेर थांबलेले असते म्हणून. शिवाय गोळा पडला म्हणजे संपला असेही नाही. पुढच्या सहलीला आम्ही मुलांना रणगाडे दाखवून झाल्यावर पाटीवर तो पंख्याचा नकाशा काढून देणार आहोत आणि त्यांनाच विचारणार आहोत की, या पंख्यात कोणाकोणाची घरे येतात?